सतरा माणसांची टाकी

आमच्या घरात माणसं मोजायची नाहीत, असा दंडक होता. तो आबाजींचा, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांचा. आबाजींनी भर उमेदीत दीक्षाभूमीवर उभं राहून देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले. मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम त्याच वाटेनं पुढे जायचे. पण पंगतीत बसलेली माणसं कुणी बोटानं मोजायला लागलं की त्यांचा हात ताटावरून उठायचा आणि मोजणाऱ्याच्या बोटावर बसायचा. मोजली की माणसं कमी होतात, एवढंच त्यांचं म्हणणं. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं मामानं एकदा धीर करून विचारलं, तेव्हा आबाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की मामानं पुन्हा पुस्तकाचं नाव काढलं नाही. त्यामुळे आमच्याकडे पोळ्या अंदाजानं लाटल्या जायच्या, आणि शिरगणतीवाला दारात आला तेव्हा आबाजी चप्पल घालून मागच्या दारानं फिरायला निघून गेले. सरकारी कागदात आमच्या घरचा एक माणूस कमी झाला तो त्यांचाच.

आम्ही तेव्हा नागपुरात इतवारीत, भांडेबाजाराच्या मागच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. खरं तर मामा राहत होता आणि आम्ही त्याच्याकडे आलेलो होतो. माझे बाबा भिवापूरला मिरचीच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. काविळीनं ते पंधरा दिवसांत गेले, आणि आई मला आणि धाकट्या बेबीला घेऊन दोन महिन्यांसाठी म्हणून भावाकडे आली. त्या दोन महिन्यांना आता तीन वर्षं झाली होती. दोन खोल्यांत आबाजी, मामा, मामी, त्यांचे दोन मुलगे आणि आम्ही तिघी. (आबाजी नाहीत आता, म्हणून मोजायची हिंमत करते आहे.) सकाळी आठ वाजले की समोरच्या कारागिरांचे हातोडे पाण्याच्या पितळी गुंडांवर पडायला लागत, हातगाड्यावाले एकमेकांना शिव्या देत वाट मागत, आणि या सगळ्याच्या वर मामाचा आवाज. तो भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं सांभाळायचा. दिवसभर ठोक्यांच्या वर बोलायची सवय, त्यामुळे घरी कानात सांगायची गोष्टसुद्धा तो चौकात सभा असल्यासारखी सांगायचा.

चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास होता. सकाळी त्याच्यासमोर टमरेलांची रांग लागे. माणूस हजर नसला तरी चालायचं. टमरेल उभं असलं की नंबर पक्का. आमच्या घरची टमरेलं दुकानातली पोचे पडलेली पितळी, त्यामुळे रांगेत त्यांचा जरा रुबाब असे. आईनं मात्र आमचं टमरेल कधी रांगेत लावलं नाही. सगळ्या बिऱ्हाडांचं आटोपलं की ती आम्हाला न्यायची. आपण पाहुणे आहोत, पाहुण्यांनी घरच्यांच्या आधी नंबर लावू नये, असं तिचं मत. या मतापायी मी रोज शाळेत उशिरा पोचायचे. बाईंनी कारण विचारलं की मी बेबीला ताप आला म्हणून सांगायचे. बेबीला वर्षभर ताप येत होता.

आईचं घरातलं वागणंही तसंच. तिला काय आवडतं, ते तीन वर्षांत कुणाला कळलं नव्हतं. भाजी कुठली करू म्हटलं की "कोनतीही चालते." खिडकी उघडी ठेवू की बंद, "कशीही चालते." करपलेली पोळी कुणी घ्यायची यावरून तिच्यात आणि मामीत रोज चढाओढ. मामी ती आपल्या ताटात ओढायची, आई तिच्या ताटातून परत काढायची, दोघी "राहू द्या, राहू द्या" म्हणत, आणि शेवटी मामाचा धाकटा मुलगा ती पोळी उचलून खाऊन टाकायचा. मामी वाईट नव्हती. उंच, खणखणीत बाई. भांड्यांच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करताना तिच्या अंगात यायचं. पण आईशी बोलताना ती दवाखान्यात भेटायला आल्यासारखी हळू बोलायची. दोघींचा तीन वर्षांत एकदाही खटका उडाला नाही. शेजारच्या बायकांना त्याचं कोण कौतुक. मला मात्र त्या गोडव्यानं गुदमरल्यासारखं व्हायचं, आणि ते का, हे कळायचं माझं वय नव्हतं.

मामानं मनीषनगरकडे प्लॉट घेतला आणि घराचं काम काढलं, तशी आईनं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की मामाचं नवं घर झालं की आपण भिवापूरला परत जायचं. तिथं एक खोली बघायची आणि तिनं मिरचीचे देठ खुडायला जायचं. मी आठवीत होते. मला नागपूरची शाळा सोडायची नव्हती, आणि मिरचीच्या ढिगाशी दिवसभर बसून संध्याकाळी बायकांचे हात कसे होतात, ते मी पाहिलं होतं. पण आईशी वाद घालायची सोय नव्हती. वाद घालायला माणसाला काहीतरी हवं असावं लागतं, आणि तिला काहीच नको होतं. त्या दिवसापासून नव्या घराची एकेक वीट रचली जायची आणि मला धडकी भरायची. सगळ्या घरात त्या घरावर नाराज असलेली मी एकटी.

आज मनीषनगरात माझ्या गॅलरीतून मेट्रो दिसते. तेव्हा रेल्वेफाटक ओलांडलं की वावरं होती, वावरात प्लॉट आखलेल्या खुंट्या आणि खुंट्यांना दोऱ्या. पाइपलाइन नाही, गटारलाइन नाही. दर रविवारी आम्ही सगळे डबा बांधून तिथं जायचो. आबाजी, मामा आणि बायका बसनं, मुलगे सायकलवर. डब्यात ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, कधी बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात आणि वरून फोडणीचं तेल. अर्धवट भिंतीच्या सावलीत बसून ते खाताना सगळ्यांना आपण मोठे जमीनदार झाल्यासारखं वाटायचं. बांधकाम दौलत मिस्त्रीकडे होतं. काळा, बारीक माणूस, कानात विडी. त्याला लिहिता येत नव्हतं. त्याचा सगळा हिशोब सुतळीत असे. खोलीला एक सुतळी, दाराला एक सुतळी, सगळ्या वेगवेगळ्या खिशांत, आणि तो कधी खिसा चुकला नाही.

एका रविवारी जेवणं झाल्यावर तो सुतळी घेऊन मामासमोर उभा राहिला. संडासाची टाकी आता खणायची होती.

"घरात मानसं किती, भाऊ?" त्यानं विचारलं. "टाकी त्याच्यावर ठरते. रोजचे सांगा. पाव्हणे नका धरू."

त्याचा नियम सरळ होता. रुंदी, खोली ठरलेली, लांबी मात्र माणसागणिक एक वीत वाढायची. एका माणसाला सुतळीवर एक गाठ, दोन गाठींत एक वीत अंतर, वर दोन हात मोकळी जागा. टाकी लहान झाली तर पावसाळ्यात सगळं अंगणात येतं आणि शिव्या मिस्त्रीला पडतात, हेही त्यानं सांगून टाकलं. मामा खाकरला. त्यानं आधी आबाजींच्या हाताकडे पाहिलं, मग मामीकडे, आणि मग आकाशाकडे. मामी डब्याचं झाकण पुसत होती. ते झाकण ती बराच वेळ पुसत होती. 

"पाच," आई म्हणाली. "दादा, वयनी, आबाजी अन् दोन पोरं. आमी तर भिवापूरले चाललो."

 मिस्त्रीनं पाच गाठी मारल्या आणि सुतळी खिशात टाकली. मला वाटलं होतं, मामा म्हणेल, असं कसं. मामी आईला म्हणेल, काय बोलता शकूबाई. कुणीच म्हटलं नाही. परतताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. इतकी वर्षं झाली, पण लिहिताना अजून वाटतं की तो अपमान खराच होता. संडासाच्या टाकीतसुद्धा आमच्यासाठी वीतभर जागा नव्हती.

पुढच्या रविवारी मी मिस्त्रीला पाणी द्यायला गेले. बाकीचे सगळे भिंतीपलीकडे जेवत होते. मी तांब्या त्याच्या हातात दिला आणि एका दमात सांगितलं, की सुतळीला अजून तीन गाठी मारा. कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, घरच्यांनी. तो पाणी प्याला, त्यानं मिशा पुसल्या आणि माझ्यासमोर तीन गाठी मारल्या. कुणाला सांगू नका म्हटलं, तर म्हणाला, मी काहून सांगू. माझी समजूत अशी, की एकदा टाकी आठ माणसांची झाली की आम्हाला घालवणं कुणाला जमणार नाही. बांधलेली टाकी काही लहान करता येत नाही. माझा मुलगा हे वाचून म्हणतो, तेरा वर्षांच्या मुलीच्या सांगण्यावरून कुणी प्लॅन बदलतं का. त्याच्या वेळच्या लोकांना प्लॅन असतात. आमच्याकडे सुतळी होती.

पण त्यानंतर तो खड्डा वाढायला लागला. पुढच्या खेपेला गेलो तर खड्डा आखलेली चुन्याच्या फक्कीची रेघ बरीच पुढे सरकली होती. मला वाटलं, तीन विती बहुधा एवढ्या असतील. त्याच्या पुढच्या खेपेला ती आणखी पुढे, आणि मग तर खड्डा प्लॉटच्या कडेला लावलेल्या पेरूच्या रोपापाशी जाऊन पोचला आणि रोप उपटून पलीकडे लावावं लागलं. खणणारे दोघं मुरुमात गळ्याइतके आत उतरले होते. रस्त्यानं जाणारे लोक थांबून पाणी कुठवर लागलं ते विचारायचे. एका म्हाताऱ्यानं तर लग्न कोणाचं आहे असं विचारलं. लांबी बघून त्याला तो लग्नाच्या स्वयंपाकाचा चर वाटला.  हे सगळं माझ्या एका खोट्यानं झालं, मिस्त्री तीनऐवजी काहीतरी भलतंच समजला, आणि आता मामाच्या घराला अंगणच उरणार नाही, अशी माझी खात्री झाली. नवल म्हणजे बाकी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मामा खड्ड्याच्या काठावर उभा राहून खाकरायचा आणि परत फिरायचा. मामी त्या बाजूला बघतच नव्हती. आबाजी काठीनं खड्ड्याभोवती एक फेरी मारून "बराबर आहे" म्हणायचे.

शेवटी आईच बोलली. स्वतःसाठी ती कधी बोलली नसती, पण भावाचं नुकसान तिला पाहवेना. मिस्त्री विडी पेटवत होता, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मिस्त्री, पाच मानसायची टाकी एवढी राहते का? माझ्या भावाच्या विटा काहून वाया घालून राहिले?"

दौलत मिस्त्रीला जन्मात कुणी असं बोललं नसावं. त्यानं विडी विझवली, परत कानात ठेवली, आतल्या खिशातून सुतळी काढली आणि मुरुमाच्या ढिगावर लांबच्या लांब पसरली. आम्ही सगळे जमलो. 

"हे पाच तुमचे," तो आईला म्हणाला. "हे तीन या पोरीनं सांगतले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बेबीच्या मागे गेले. ती सहा वर्षांची, तिच्यामागे मी कितीशी मावणार. पण मिस्त्री थांबला नव्हता. त्याचं बोट पुढच्या गाठींवर गेलं होतं.

"हे तीन भाऊनं. दुकानाच्या सुटीत सायकल मारत आले होते. हे तीन वयनीनं, चटणी द्यायच्या बहाण्यानं. अन् हे तीन बुवानं. बुवा म्हने, मोजू नको, फक्त गाठी मार."

आबाजी पेरूच्या रोपाची पानं तपासायला लागले. मिस्त्रीचं म्हणणं एकच होतं. जो तो येऊन तीनच माणसं वाढवा म्हणे आणि कुणाला सांगू नका म्हणे. त्याला वाटलं, हे तीन वेगळे, ते तीन वेगळे. घर वाढतं आहे, सुना येतील, नातवंडं येतील, दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे पाहुणे राहतील. कुणाचं नाव विचारायची त्याची पद्धत नव्हती. पाच अधिक चार वेळा तीन, असा तो सतराचा खड्डा होता.

मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि त्यातून कळलं ते असं. मामाला वाटलं, मामीला न विचारता बहिणीला कायमची धरली तर घरात वाजेल. मामीला वाटलं, आपण आकडा उच्चारला तर नणंदेचं ओझं मोजलं असं नवरा आयुष्यभर ऐकवेल. आबाजींना वाटलं, या दोघांना काही सुचायचं नाही. आणि तिघांनाही सगळ्यात जास्त भीती आईची. तिला तोंडावर राहा म्हटलं असतं तर ती त्याच आठवड्यात भिवापूरची गाडी धरून गेली असती, हे तिघांना ठाऊक होतं. टाकी झाली की ती टाकीच्या भरवशावर राहील, असा माझ्यासारखाच हिशोब त्या तीन मोठ्या माणसांनीही केला होता. मला एकीकडे हायसं वाटलं आणि दुसरीकडे मोठ्या माणसांच्या अकलेबद्दल जो आदर होता तो त्या दिवशी बराच कमी झाला.

 आई खाली बसली आणि सुतळीवरून हात फिरवायला लागली. एकेक गाठ चिमटीत धरायची आणि पुढे सरकायची. शेवटच्या तीन गाठी तिनं बराच वेळ धरून ठेवल्या; त्या आबाजींच्या होत्या. तिचे डोळे वाहत होते आणि ते ती पुसत नव्हती. बाबा गेल्यानंतर मी तिला चारचौघांत रडताना पहिल्यांदा पाहत होते. मामा पुन्हा आकाशाकडे बघायला लागला.

दौलत मिस्त्रीला रडारडीत रस नव्हता. "आता पक्का आकडा सांगा," तो म्हणाला. "मले उद्या विटा लावायच्या आहेत."

 आईनं पदरानं नाक पुसलं आणि उभी राहिली.

"आठ," ती म्हणाली. "आमी तिघी धरून आठ, मिस्त्री."

खड्डा मात्र सतराचाच राहिला. मिस्त्री म्हणाला, अर्धा बुजवतो. मामानं सुचवलं, उरलेल्या अर्ध्यात पिण्याच्या पाण्याचं टाकं करू, मध्ये एक भिंत घालू. मिस्त्रीनं त्याच्याकडे इतक्या दयेनं पाहिलं की मामानं तो विषय तिथंच सोडला. शेवटी मामी म्हणाली, राहू द्या, घर वाढतंच आहे. घर वाढलंही. सुना आल्या, जावई आले, दसऱ्याला ओळीनं सतरंज्या पडल्या, पण ती टाकी काही भरली नाही. कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा उपसायची गाडी आली, तेव्हा गाडीवाल्यानं आत नळी सोडली, डोकावून पाहिलं आणि इथं आधी होस्टेल होतं का म्हणून विचारलं. आता गटारलाइन झाली आहे. टाकीवर फरशी आहे आणि फरशीवर मामाच्या नातवाची मोटारसायकल उभी असते.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. मिस्त्रीनं सुतळी गुंडाळली, खणणारे कामाला लागले, आबाजी सावलीत आडवे झाले. आई तोंड धुऊन आली ती सरळ स्वयंपाकघरात शिरली. तिथं भिंती खांद्याएवढ्या आल्या होत्या, आणि ओटा केवढा उंच करायचा त्याची रेघ मामीनं भिंतीवर विटेच्या तुकड्यानं मारून ठेवली होती. तीन वर्षांत स्वतःची आवड एकदाही न सांगितलेली माझी आई त्या रेघेशी जाऊन उभी राहिली. मामी उंच, आई ठेंगणी. रेघ आईच्या छातीशी आली.

"वयनी, हा ओटा कोनासाठी बांधून राहिले? मी काय पाटावर चढून भाकरी थापू?"

मामी दारातच थबकली.  मग तिनं पदर खोचला.

"अन् मी काय वाकून वाकून मरू? कंबर माझी आहे, शकूबाई."

आई म्हणाली, दोन भाकरी तुम्ही थापता आणि दहा मी थापते, तर ओटा कुणाच्या मापाचा व्हायला पाहिजे. मामी म्हणाली, असं असेल तर तीन वर्षं तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती. आई म्हणाली, खिडकीही चुकीच्या बाजूला आहे, धूर सगळा माझ्या डोळ्यांत येईल. मामी म्हणाली, मग वांग्यात तेल कमी घालत जा, धूर कमी होईल. मामा धावत आला आणि हळू बोला म्हणाला, तेव्हा दोघींनी मिळून त्याला बाहेर काढला. मामीचा आवाज आता दवाखान्यातला राहिला नव्हता, तो भांडेबाजारातला होता, आणि आईचा त्याच्या वर चढत होता. मला ठाऊकही नव्हतं की आईला एवढा मोठा आवाज आहे.

बेबी घाबरली. ती माझा फ्रॉक ओढायला लागली.

"ताई, आई काहून भांडून राहिली वं?"

"भांडू दे," मी म्हटलं. "आता आपल्याले भिवापूरले जायचं नाही."